गवसच्या हातात माईक

परवा आमच्या सोसायटीत मावळत्या सेक्रेटरींचा सत्कार होता. भाषणाला उभे राहिलेल्या गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा वर-खाली केला आणि वाचून दाखवलं, "हे बोलताना माझा कंठ दाटून येत आहे." कंठ अगदी ठणठणीत होता. मग बोट स्क्रीनवर अडकलं, पुढची ओळ सापडेना, तेव्हा मात्र ते खरोखरच व्याकूळ झाले. टाळ्या झाल्या, बटाटेवडे आले, आणि मला दत्ताराम गवसची आठवण झाली.

गवस आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात वीसेक वर्षं शेजारी-शेजारी बसलो. तो ॲडमिशनच्या खिडकीवर, मी परीक्षेच्या टेबलावर. मूळचा दोडामार्गाकडचा, वाढला विक्रोळीच्या चाळीत, वडील गिरणीत. बुटका, रुंद, केसांना रंग लावायचा तो फक्त समोरून दिसतील तेवढ्यांनाच. मागून पाहिलं तर दुसराच माणूस वाटायचा. डब्यात रोज मासे आणि बाटलीत सोलकढी. मी शाकाहारी, म्हणून जेवताना तो खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि तसाच बोलत राहायचा. आमची वीस वर्षांची मैत्री अर्धीअधिक त्याच्या पाठीशीच झाली.

खिडकीवर बसलेला गवस म्हणजे मुलांच्या जिवाला घोर. फॉर्मवर फोटो नीट चिकटला नसेल, वडिलांचं नाव आधी आणि आडनाव नंतर आलं असेल, तर तो फॉर्म तसाच खिडकीतून परत सरकवायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मुली रडकुंडीला यायच्या. एखादीचे वडील भांडायला यायचे. गवस शांतपणे म्हणायचा, "काका, मी पण बाप आहे. सही निळ्या पेनाने करा." पुढचा.

आणि हाच माणूस माईक हातात आला की रडायचा.

तुम्हाला वाटेल, असतात काही माणसं हळवी. गवस हळवा नव्हता. त्याची आई गेली तेव्हा मी त्याच्या घरी गेले होते. गडी खडा उभा. कोणाला फोन करायचा, गाडी कुठे लावायची, भटजींना किती वाजता बोलवायचं, सगळं त्यानेच पाहिलं. डोळ्यांत टिपूस नाही. बाराव्याला गावची मंडळी जमली, कोणीतरी म्हणालं, दत्ताराम, आईबद्दल दोन शब्द बोल. तो उठला, "आई" म्हणाला, आणि वाट लागली. पानं वाढायची खोळंबली. शेवटी त्याच्या बायकोने, आमच्या सुलोचनावहिनीने, त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

त्याच्या रडण्याच्या पायऱ्या आम्हाला पाठ होत्या. आधी तो चष्मा काढायचा. मग "तर" म्हणायचा. मग नुसतंच गप्प. मग पुन्हा "तर मंडळी", आणि या वेळी "मंडळी" अर्ध्यातच वितळायचं. त्यानंतर जे काही तो बोलायचा ते रडत रडत, पण बोलायचा मात्र स्पष्ट. आवाज फाटायचा, वाक्य फाटायचं नाही. पोरं मोबाईलवर शूट करायची. स्टाफरूममध्ये त्याला भोंगा म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी एकदा वैतागून विचारलं, अरे, तू हे थांबवत का नाहीस? घरात रडत नाहीस, स्मशानात रडत नाहीस, आणि गॅदरिंगच्या आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव घेताना रडतोस? तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बांगडा खात होता. म्हणाला, "तुका वाटता मी मुद्दाम करतंय? एकट्या माणसाबरोबर बोलताना कसलाही मुखवटा घालता येतो गो. पन्नास माणसं एकदम बघूक लागली की माका खोटा बोलूक जमत नाय. मग जा पोटात आसता ताच भायर येता." पुन्हा बांगड्याकडे वळला.

मंडपवाल्याचं काय पोटात होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतर कळलं की त्या मंडपवाल्याच्या मुलीला गवसनेच बी.कॉम.ला बसवलं होतं.

आमच्या एका प्राचार्यांचा निरोप समारंभ मी जन्मात विसरणार नाही. हे प्राचार्य म्हणजे महाकडक. ऑफिसात शिरले की पंखेसुद्धा हळू फिरतात, असं आम्ही म्हणायचो. गवसला त्यांनी दोनदा मेमो दिला होता. निरोपाच्या दिवशी ठरलेली भाषणं झाली. आमच्याकडे निवृत्त होणारा प्रत्येक माणूस त्या दिवसापुरता फणस होतो: वरून काटेरी, आत गोड गरे. त्या दिवशी प्राचार्य पाच-सहा वेळा फणस झाले. प्रत्येक फणसाला ते मान किंचित हलवत होते आणि घड्याळ बघत होते. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी नवी पैठणी नेसून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

ऑफिसतर्फे गवस उभा राहिला. म्हणाला, "सरांनी मला दोन मेमो दिले. पहिल्या वेळी चूक माझी होती. दुसऱ्या वेळी नव्हती." हॉलमध्ये एकदम हशा. सरांच्या कपाळाला आठी. गवसने चष्मा काढला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तर," गवस म्हणाला. "रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर सर चारी मजले फिरायचे आणि मुलांनी उघडे टाकलेले नळ बंद करायचे. शिपायाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण स्वतः जायचे. मी ओव्हरटाईमला बसलो की वरून चपलांचा आवाज यायचा. तर मंडळी, उद्यापासून..." आणि तिथे तो कोसळला. रडत रडतच म्हणाला, उद्यापासून ते नळ कोण बंद करणार?

नळासाठी माणूस हुंदके देतोय, हे पाहून मागच्या रांगेतली पोरं खिदळायला लागली होती. पण समोर प्राचार्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यांच्या पत्नी त्यांच्याकडे वळून बघत राहिल्या. सरांना रोज घरी यायला उशीर का होतो, ते त्यांना बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असावं. जाताना सर आम्हा कोणाशी काही बोलले नाहीत, गवसच्या खिडकीपाशी मात्र थांबले, काचेवर दोनदा टकटक केली आणि गेले.

मी गवसला म्हटलं, ज्याने तुला छळलं त्याच्यासाठी एवढं रडलास? तो म्हणाला, मेमोचा राग आहेच की. राग काय जातो कुठे? पण नळ खरे होते.

हे झालं ऑफिसचं. गवस त्यांच्या गावच्या मुंबई मंडळाचा सरचिटणीसही होता. दर वर्षी विक्रोळीत एक हॉल घेऊन दहावी-बारावी पास झालेल्या पोरांचा गुणगौरव व्हायचा. एका वर्षी त्याने मलाही ओढून नेलं. नावं वाचायचं काम गवसकडे. नव्वद टक्केवाली पोरगी आली, त्र्याऐंशीवाला पोरगा आला, गवसने नावं खणखणीत वाचली, पोरं बॅग आणि शब्दकोश घेऊन गेली. मग एक नाव आलं आणि त्याने चष्मा काढला. ती मुलगी दोनदा नापास होऊन, दिवसा एका केटररकडे पोळ्या लाटून, तिसऱ्यांदा कशीबशी सुटली होती. टक्के एक्केचाळीस. पण टक्क्यांपर्यंत गवस पोचलाच नाही. "तर," म्हणाला, आणि बांध फुटला.

प्रमुख पाहुणे विभागातले कोणी पुढारी होते. सरचिटणीस एवढा गहिवरलाय म्हणजे हीच पहिली आलेली दिसते, असा त्यांचा समज झाला. ते ताडकन उठले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला, फोटोग्राफरला जवळ बोलावलं आणि संपूर्ण महाराष्ट्राला तुझा अभिमान आहे, असं जाहीर करून टाकलं. हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या. पोरगी लाजून अर्धी झाली, पण हार काही तिने काढला नाही. नव्वद टक्क्यांवालीचे वडील नंतर गवसच्या अंगावर धावून आले. गवसने हात जोडले, चूक झाली म्हणून दहादा माफी मागितली. पण मी त्याच्या शेजारीच उभी होते. माणूस आतून खूश होता.

आता जे सांगणार आहे ते मात्र त्याच्या घरचं आहे.

गवसला एकच मुलगी, मयूरी. हुशार, फटकळ, बापासारखीच रुंद कपाळाची. ती आमच्याच कॉलेजात शिकली, आणि त्याची किंमत तिने मोजली. ती शेवटच्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये आभार मानता मानता गवसची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्यावर गेली. पुढे काय झालं ते मोबाईलवर सगळ्या कॉलेजने पाहिलं. मयूरीला कँटीनमध्ये पोरं रुमाल विकायला यायची. ती घरी काही बोलली नाही, पण तेव्हापासून वडील कुठे बोलणार असतील तिथे ती जात नसे.

पुढे तिला पवईला एका कंपनीत नोकरी लागली. तिथेच ओंकार राणे भेटला. बोरिवलीचा मुलगा, तोही कोकणातलाच, वडील लहानपणी वारलेले, काकांनी वाढवलेला. हे काका म्हणजे अप्पा राणे, पोलिसातून निवृत्त झालेले. शब्दाला जपणारे आणि दुसऱ्यानेही जपावा म्हणणारे. बोलणी सुरळीत झाली, साखरपुडा ठरला, आणि गवस चेहरा पाडून ऑफिसात आला.

त्यांच्याकडे साखरपुड्याला एक रीत आहे. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात. मध्ये ताटात साखरेची पुडी, नारळ आणि व्याह्यांच्या मानाचे टॉवेल-टोपी. मुलीच्या बापाने उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "माझी मुलगी तुमच्या घरात दिली." मुलाकडच्या वडीलधाऱ्याने म्हणायचं, "आम्ही मानाने घेतली." मग साखर वाटायची. हे शब्द बापानेच म्हणायचे असतात, त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणी म्हटलेले चालत नाहीत. आणि ते म्हटल्याशिवाय पुडी उघडत नाही. मयूरीने "दिली" या शब्दावर आधी बरीच हुज्जत घातली होती, मी काय तांब्या आहे का म्हणून. शेवटी आजोळच्या म्हाताऱ्यांसाठी ती त्यावर गप्प बसली. पण दुसरी अट तिने सोडली नाही. तिच्या ऑफिसचे लोक येणार होते, ओंकारचे मित्र येणार होते. ती म्हणाली, बाबा, माझ्या साखरपुड्याला तू रडायचं नाहीस. एकच वाक्य आहे. मला प्रॉमिस कर.

गवसने वचन दिलं. आणि आम्हाला येऊन म्हणाला, आता काय ते तुम्हीच करा.

आमच्या मराठी विभागाच्या नाडकर्णी मॅडम वक्तृत्व स्पर्धांच्या कायमच्या परीक्षक. त्यांनी केस हातात घेतली. रोज मधल्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये गवसची शिकवणी. माणसांच्या डोळ्यांत बघायचं नाही, डोक्यावरच्या भिंतीकडे बघायचं. दाढेखाली लवंग धरायची. अंगठ्याचं नख बोटात रुतवायचं. खिशात रुमाल ठेवायचा नाही, कारण रुमाल असला की रडायची सोय होते. आम्ही सगळे मुलाकडचे होऊन खुर्च्यांवर बसायचो. शंकर शिपाई अप्पा राणे व्हायचा आणि नको तेवढा रुबाब करायचा.

पहिला आठवडा गवस "माझी मुलगी" याच्या पुढे गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात मॅडमना युक्ती सुचली. त्या म्हणाल्या, गवस, तुम्ही खिडकीवर बसला आहात असं समजा. समोर मुलगी नाही, फॉर्म आहे. आणि काय सांगू, जमलं. गवसचा चेहरा खिडकीवरचा झाला, रेषही हलली नाही, आणि "माझी मुलगी मयूरी तुमच्या घरात दिली" हे तो "सही निळ्या पेनाने करा" याच सुरात बोलून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शंकर म्हणाला, झकास. मला मात्र ते ऐकून कसंतरीच झालं. मी मॅडमना म्हटलं, हा गवस वाटत नाही हो. त्या म्हणाल्या, अहो, तेच तर हवंय ना.

साखरपुडा रविवारी सकाळी, मुलुंड पूर्वेच्या एका हॉलमध्ये होता. गवसने नवा पांढरा झब्बा घातला होता आणि गालात लवंग होती. मयूरी मोतिया साडीत सुरेख दिसत होती, पण लक्ष सगळं बापाकडे. अप्पा राणे समोर पहिल्या खुर्चीत, पाठ ताठ, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. बघून वाटलं, शंकरने फार चुकीचं काही केलं नव्हतं.

पूजा झाली, ताट मध्ये आलं. भटजी म्हणाले, मुलीच्या वडिलांनी बोलावं. कोणीतरी गवसच्या हातात माईक दिला. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. चेहरा खिडकीवरचा.

"मंडळी," तो म्हणाला. आवाज कोरडा, उत्तम. "माझी मुलगी मयूरी..."

आणि थांबला.

रडला नाही. तेवढं मात्र त्याने केलं नाही. ओठ घट्ट मिटले, जबडा आवळला, आणि तो भिंतीकडे बघत तसाच उभा राहिला. मला कळलं, मॅडमना कळलं, सुलोचनावहिनीला कळलं की आता तोंड उघडलं तर हुंदकाच बाहेर येणार, म्हणून हा तोंड उघडत नाहीये. पण समोर बसलेल्या माणसांना ते कसं कळणार? त्यांना दिसत होता तो मुलगी देण्याच्या वाक्यावर अडून बसलेला, दगडी चेहऱ्याचा एक बाप. नेहमीसारखा रडला असता तर लहान मुलालाही समजलं असतं.

कुजबूज सुरू झाली. बोरिवलीकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. ओंकार कावराबावरा झाला. अप्पा राण्यांनी आधी समजुतीने विचारलं, "गवस, काही राहिलंय का आमच्याकडून?" गवसचं नख बोटात रुतवलेलं मला दिसत होतं. अप्पा उभे राहिले.

"मनात नसेल तर आत्ताच सांगा," अप्पा म्हणाले. "आम्ही चार माणसं घेऊन आलोय ते शोभा करून घ्यायला नाही."

गवसने नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते देवालाच माहीत. अप्पांनी ती नाही म्हणूनच घेतली असावी, कारण त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची पिशवी उचलली. मागे त्यांच्याकडचे दोघे-तिघे उठले. एवढ्या वर्षांत त्या माणसाचं रडणं थांबवायला आम्ही सगळे टपलेले होतो, आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात म्हणत होते, गवस, रड रे बाबा, रड.

ते मोठ्याने म्हणाली मयूरी. खुर्चीवरून उठली, साडी सावरायचंही भान नव्हतं तिला. "अप्पा, थांबा. त्यांच्या मनात आहे. मी त्यांना रडू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते बोलत नाहीयेत." मग बापाकडे वळली. तिचे ऑफिसवाले, ओंकारचे मित्र, सगळे बघत होते. तिने कोणाकडे पाहिलं नाही.

"बाबा, रड तू," ती म्हणाली. "बिनधास्त रड."

गवसने चष्मा काढला.

पुढे काय झालं याचं वर्णन करणं अवघड आहे. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं ते. रुमाल मॅडमनी ठेवू दिला नव्हता, म्हणून त्याने आंधळ्यासारखा हात पुढे केला आणि ताटातला पहिला हाताला लागला तो कपडा उचलून तोंडाला लावला. तो अप्पा राण्यांच्या मानाचा टॉवेल होता. वहिनी "अहो, अहो" करत पुढे धावली, पण तोवर टॉवेल भिजला होता. गवस त्या टॉवेलात तोंड पुसत बोलत राहिला.

"माझी मुलगी मयूरी. माझ्या रडण्यामुळे हिला कॉलेजात पोरं रुमाल विकायची. हिने घरी येऊन कधी सांगितलं नाही. रोज माझ्याबरोबर एका ताटात जेवली. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. तुमच्या घरात कोणी रडलं, तर ही हसणार नाही, शेजारी येऊन बसेल. हिला वांगं आवडत नाही, पण तुम्ही वाढलंत तर ही गुपचूप खाईल, म्हणून मीच सांगून ठेवतो, वांगं करू नका." लोक हसले, मयूरीने कपाळावर हात मारला, तिचेही डोळे वाहत होते. "तर मंडळी, ही माझी मुलगी तुमच्या घरात दिली."

सगळे अप्पांकडे बघायला लागले. ते पिशवी हातात धरून अजून उभेच होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पुढे आले, आणि भटजी दुसरा टॉवेल मागवायच्या गडबडीत असताना म्हणाले, "दुसरा नको. हाच द्या." गवसच्या हातातला तो ओला टॉवेल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "आम्ही मानाने घेतली."

साखर वाटली गेली. नाडकर्णी मॅडम माझ्या पदराला नाक पुसत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मीही काही बोलले नाही.

त्यानंतर गवस ऑफिसात वर्षभर होता. मग निवृत्त झाला, गावी गेला, आता तिथे ग्रामसभा रडवतो म्हणे. त्याला मी पुढेही पुष्कळदा पाहिलं, पण शेवटचा म्हणून मनात राहिलाय तो त्या रविवारी दुपारचाच.

जेवण उरकून मी खाली रिक्षा शोधत उभी होते. हॉलच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान आहे. तिथे बाकड्यावर दोघं बसलेले दिसले, गवस आणि अप्पा राणे. अप्पांच्या खांद्यावर तो टॉवेल अजून होता. हॉलमध्ये पोलिसी मराठी बोलणारे अप्पा इथे मालवणीवर उतरले होते. मी नमस्कार करायला जवळ गेले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

ते सांगत होते ते त्यांच्या मुलीबद्दल. ती लग्न होऊन नाशिकला गेली त्याला खूप वर्षं झाली होती. तिच्या साखरपुड्याला अप्पा असेच उभे राहिले होते, ठरलेलं वाक्य खणखणीत बोलले होते आणि खाली बसले होते. सगळ्यांनी तारीफ केली होती, पोलीस शोभतो म्हणून.

"अजून इचारता माका," अप्पा म्हणाले. "अप्पा, तुमका तेव्हा कायच वाटूक नाय?"

"मगे तुमी काय सांगतास?"

"काय सांगतलंय? फोन ठेवतंय."

गवसने रसाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. म्हणाला, "आता लावा फोन. मी आसंय हंय."

अप्पा नको नको म्हणत होते, पण हात खिशाकडे गेला होता. रस्त्यावर रविवारची गर्दी, रसवाल्याच्या चरकाची घरघर, बाजूला कोणाची तरी पोरं बर्फासाठी भांडत होती. वयस्कर माणसांचा फोन स्पीकरवरच असतो, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. हॅलो अप्पा, झाला का साखरपुडा, जेवलात का, बीपीची गोळी घेतलीत का, सगळं एका दमात. अप्पांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. गवस तर कधीचाच सुरू झाला होता. चरक थांबवून रसवाला दोघांकडे बघत होता, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

फोनमधून आवाज आला, "अप्पा? तुमी रडतास?"

गवसने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा एवढ्या सगळ्या माणसांसमोर, मोठ्याने म्हणाले, "होय."